मी घेतो, तू धर

दार लोटून घे गं. आणि तो मोठा दिवा घालव, डोळ्यांत जातो. कोपऱ्यातला राहू दे. धाकटीला आत्ताच मध्ये घ्या, नाहीतर अर्ध्या गोष्टीत ती माझ्या मांडीवर येऊन बसते आणि माझा पाय आखडतो.

भुताची गोष्ट हवी म्हणता. भूतबीत मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं चष्मे विकतोय मी. जे आहे पण दिसत नाही ते दाखवणं हा माझा धंदा, आणि जे नाहीच ते दिसतं म्हणणाऱ्याला मी सरळ डॉक्टरकडे पाठवतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मामाला नावं ठेवू नका. ही गोष्ट माझ्या शेजारच्या दुकानदाराची आहे, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटं बोलायला जेवढे शब्द लागतात तेवढे तो बोलायचाच नाही. मोठी हसतेय बघा. हस, हस.

घड्याळं दुरुस्त करायचा तो. उंच, काटकुळा. गाताना डावीकडून उजवीकडे झुलायची सवय, म्हणून वृंदातल्या लोकांनी त्याचं नाव लंबक ठेवलं होतं. वृंद म्हणजे तोच, रविवारी सकाळी रेडिओवर लागायचा तो. तो लागला की तुमची आई कपबश्या विसळायची थांबायची. बेचाळीस गळ्यांचा वृंद, सगळीकडे नाव झालेला. त्यात शिरायचं म्हणजे लोक तीन-तीन वर्षं खेटे घालायचे. लंबक त्यात सव्वीस वर्षं गायला, दोन तास बसने शहरात जाऊन. शेवटच्या रांगेत, खर्जात.

त्याच्या शेजारी जो उभा राहायचा त्याला सगळे शिक्का म्हणायचे. पोस्टात खिडकीवर बसायचा, दिवसभर ठाप ठाप शिक्के मारायचा. उजव्या हाताचं पहिलं बोट कायम जांभळं. साबणाने जायचं नाही, घासून जायचं नाही. वृंद ज्या बाई चालवायच्या त्या कार्यक्रमाच्या आधी त्याला दरवेळी म्हणायच्या, "तेवढं बोट मागे लपव रे बाबा." बोलका माणूस. लंबकाच्या वाट्याचंही तोच बोलायचा. दोघांत एकच गाण्याची वही, शिक्क्याने धरायची आणि लंबकाने पानं उलटायची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एवढी माणसं एकच सूर दोन-दोन मिनिटं लांबवतात, तो तुटत कसा नाही? श्वास तर माणसाला घ्यावाच लागतो. तर त्यांच्यात जोड्या असतात. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एका वेळी श्वास घ्यायचा नाही. एकाने घेताना दुसऱ्याने सूर धरायचा. लंबक आणि शिक्का ही जोडी. शिक्क्याला श्वास हवा असला की तो लंबकाच्या डाव्या कोपराला बोटाचं टोक एकदा टेकवणार. म्हणजे, मी घेतो, तू धर. श्वास भरून परत सुरात आला की पुन्हा टेकवणार. म्हणजे, मी आलो, आता तू घे. ते दुसरं बोट लागेपर्यंत लंबकाने सोडायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी. लंबकाची पाळी आली की हेच उलट. वृंदाचे कोट काळे असायचे, त्यामुळे सव्वीस वर्षांत त्या कोपरावर शाईचे किती डाग पडले ते कुणाला कधी दिसलं नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, मागे एकच माणूस गातोय आणि त्याला चार फुप्फुसं आहेत.

आणि दुसरी गोष्ट, निरोपाची. पासष्ट पूर्ण झाली की वृंद सोडायचा, हा बाईंचा नियम. कितीही गोड गळा असो. पण निरोप देताना भाषण नाही, फुलं नाही, टाळ्या नाहीत. कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात शेवटचा सूर सगळ्यांनी धरायचा. जाणाऱ्याने वही खाली ठेवायची, रांगेतून बाहेर यायचं, खुर्च्यांच्या मधून चालत सभागृहाच्या मोठ्या दारातून निघून जायचं. त्याच्या मागे दार बंद होईपर्यंत बाकीच्यांनी सूर सोडायचा नाही. आणि दार कोण लावणार, ते जाणाऱ्याने ठरवायचं. कुणाची बायको लावायची, कुणाचा मुलगा. मी एकदा पाहिलंय ते. चष्मा काढून पुसावा लागला मला.

तर या दोघांचं फाटलं.

झालं असं, की एका मोठ्या रेकॉर्डिंगच्या आधी बाईंना खर्जाची रांग उतरलेली वाटायला लागली. अगदी कणभर. पण बाईंच्या कानाला कणसुद्धा खुपायचा. त्यांनी शिक्क्याला बाजूला घेऊन विचारलं, "कोण उतरतंय?" शिक्क्याने वहीत डोकं घातलं. बाई म्हणाल्या, "तुझा कान सगळ्यांत पक्का, म्हणून तुला विचारते. बेचाळीस माणसांचा प्रश्न आहे." तेव्हा त्याने सांगितलं, "माझ्या उजवीकडचा." खरं होतं ते. लंबकाचं वय होत आलं होतं, गळा कोरडा पडायचा. पुढच्या आठवड्यात बाईंनी लंबकाला फार प्रेमाने सांगितलं की आता विश्रांती घ्या. काळा कोट परत घेतला.

त्याच संध्याकाळी शिक्का दुकानात आला. मी माझ्या दुकानात होतो, मध्ये एक फळीची भिंत, सगळं ऐकू यायचं. तो म्हणाला, "मीच सांगितलं बाईंना. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको." लंबक डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "मला सांगायचं होतंस. सव्वीस वर्षं शेजारी उभा होतास. आधी मला सांगायचं होतंस."

बास. त्यानंतर सात वर्षं तो शिक्क्याशी एक शब्द बोलला नाही.

आणि तो शिक्का काय करायचा ठाऊक आहे? दोन तासांचा बसचा प्रवास करून महिन्यातून एकदा यायचा. हातातलं घड्याळ काढून लंबकापुढे ठेवायचा. म्हणायचा, बंद पडलंय. लंबक उघडायचा, बघायचा, बंद करायचा, पुढे सरकवायचा. त्या घड्याळाला काही झालेलं नसायचं. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून शिक्का स्वतः त्याची चावी बाहेर ओढून ठेवायचा, मी पाहायचो ना. आणि लंबकालाही ते कळायचं. एवढं घड्याळ कळणारा माणूस, त्याला नाही कळणार? पण तोंडाला कुलूप. मी कितीदा म्हटलं, "अरे, किती ताणायचं?" तर म्हणायचा, "बघू." त्याचं बघू म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यासारखं.

मग शिक्क्याची पासष्टी आली. बारा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. आधी आठ दिवस लंबकाला एक पोस्टकार्ड आलं. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं. चारच ओळी होत्या. शनिवारी माझा शेवटचा सूर. दार तू लावायचं. दुपारी घरी ये, बरोबर जाऊ. वही अजून दोघांतच आहे. म्हणजे सात वर्षं त्याने उजवीकडच्या नव्या माणसाला वहीत बघू दिलं नव्हतं. त्या नव्या माणसाला वेगळी वही घ्यावी लागली.

लंबक म्हणाला, "जातो." मी म्हटलं, "काय बोलणार?" त्याने कार्ड खिशात ठेवलं. मग म्हणाला, "ठरवलंय. एकच वाक्य. तू खरं बोललास." आठ दिवस तो ते वाक्य घोकत होता. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. तू खरं बोललास... तू खरं बोललास. शाळेत पाठांतर करतात तसं.

शनिवारी सकाळी त्याने स्वतःचा मोतिया रंगाचा कोट घातला. माझ्या लग्नात शिवलेला, तोच एक होता. अकराच्या बसने जायचं होतं. गेला नाही. कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला. एकची गेली. तीनची गेली. मी जाऊन म्हटलं, "अरे शहाण्या, तो दुपारी घरी वाट बघत असेल." म्हणाला, "हे एवढं संपवतो." घाबरला होता हो तो. त्याच वेळी माझ्याकडे गिऱ्हाईक आलं, मी वळलो. त्याला दंडाला धरून बसमध्ये कोंबायला हवं होतं मी. नाही कोंबलं. बारा वर्षं झाली, मला ते गिऱ्हाईक आठवतं, त्याचा नंबर आठवतो.

पाचचीही चुकवून सहा-वीसच्या बसने तो निघाला. जन्मभर लोकांची घड्याळं लावणारा माणूस, स्वतः चार बस चुकवून निघाला. आणि त्याची बस गेल्यावर पंधरा मिनिटांनी माझ्या दुकानातला फोन वाजला.

कुणाचा? ते नंतर. मध्ये बोलायचं नाही.

पुढचं मला लंबकाने सांगितलं. एकदाच सांगितलं, सलग, आणि पुन्हा कधी नाही.

आठ-पंचविसाला तो उतरला. तिथून सभागृह वीस-पंचवीस मिनिटं चालत. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ऑफिसं, शनिवार म्हणून सगळी बंद. रस्त्यावर माणूस नाही. थंडी पडली होती. तो भराभर चालत होता आणि तोंडाने तेच वाक्य चालू होतं. वाटत होतं, शेवटचं गाणं नक्की मिळेल. साडेआठ-पावणेनऊला सुरू होतं, हे त्याला पाठ होतं.

वळणावर आला आणि त्याला सूर ऐकू आला.

शब्द नाहीत. चाल नाही. एकच सूर. शेवटचा.

त्याने सवयीने घड्याळ पाहिलं. आठ एकोणपन्नास. आणि तो पळायला लागला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, मोतिया कोट घालून, मोकळ्या रस्त्यावर. त्याला वाटलं, गेलं, दार लागलं, संपलं. पण सूर थांबत नव्हता. तो निम्मा रस्ता पळाला तरी थांबत नव्हता. फाटकात आला... तरी चालूच. इतका वेळ कधीच धरत नाहीत. एक मिनिट, फार तर दीड. माणूस चालत दारापर्यंत जायला किती वेळ लागतो?

फाटकावरचा वॉचमन उभा होता. टोपी काढून हातात घेतलेली. लंबकाने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली.

मोठं दार सताड उघडं.

लंबक दारात जाऊन उभा राहिला. आत अंधार, फक्त रंगमंचावर उजेड. सगळी माणसं खुर्च्यांवर ताठ बसलेली. खोकला नाही, कुजबुज नाही. वर वृंद उभा. बाईंचा हात वर, तसाच वर. पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या आणि गात होत्या. लंबकाला वाटलं, निरोपाचं रडणं. शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी होती. त्याला वाटलं, बरोबर, शिक्का निघालाय.

आणि शिक्का येत होता.

खुर्च्यांच्या मधून. सावकाश. कुणीही मान वळवून बघत नव्हतं. लंबकाला त्याचा राग आला, म्हणाला मला. एवढा जुना माणूस जातोय, आणि एकाची नजर त्याच्याकडे नाही.

जवळ आला. अंगात काळा कोट नव्हता. नुसता पांढरा शर्ट. एका बाहीला कडक इस्त्री, आणि दुसरी... दुसरी चुरगळलेली. शिक्का असा कधी बाहेर पडायचा नाही. रुमालाला इस्त्री करणारा माणूस तो. लंबकाच्या मनात आलं, घाई झाली असेल. माझी वाट बघत बसला असेल आणि घाई झाली असेल.

आणखी जवळ आला. हसला. सात वर्षांनी.

लंबकाने तोंड उघडलं. तू खरं... एवढं ओठांवर आलं होतं त्याच्या.

तेवढ्यात शिक्क्याने हात पुढे केला. आणि त्याच्या डाव्या कोपराला बोट टेकवलं.

एकदा.

...

मी घेतो, तू धर.

समजलं का तुम्हाला? त्याने काय करावं? सव्वीस वर्षांची सवय. उघडलेल्या तोंडातून वाक्य आलं नाही. सूर आला. सात वर्षं न गायलेला गळा, पण लागला, खाली, खर्जात, शिक्क्याचा सूर जिथे असायचा तिथे. त्याने धरला. आणि आता बोलायचं कसं? बोलला तर सूर तुटणार. शेजाऱ्याने धरायला सांगितलेला सूर तोडायचा नाही. बोट पुन्हा लागेपर्यंत नाही.

शिक्का त्याच्या शेजारून बाहेर गेला. तीन पायऱ्या उतरला. पाठमोरा.

लंबक धरून उभा. हात दाराच्या कडीवर. डोळे त्याच्या पाठीवर. मनात म्हणत होता, घे. घेतलास ना श्वास? मग ये. परत ये. बोट टेकव. मला बोलायचंय. एकच वाक्य आहे रे.

शिक्का फाटकाकडे चालला. वॉचमनच्या अंगावरून गेला. वॉचमन हलला नाही.

रस्त्यावर गेला.

लंबकाची छाती भरून आली. अंधारी आली. पण श्वास घेतला नाही त्याने. दार लावलं नाही. दार लावलं की संपलं, हे त्याला ठाऊक होतं ना. आत बेचाळीसातले एकेचाळीस गळे, दारात हा एक. सगळे धरून.

दिव्याखालून गेला शिक्का. पुढच्या दिव्याखाली... आलाच नाही.

लंबक बघत राहिला. दोन्ही दिव्यांच्या मध्ये रस्ता मोकळा. वळण नाही. गल्ली नाही.

कोपराला काही लागलं नाही.

...

मग त्याने दार लावलं.

कडी वाजली आणि आत एका क्षणात सगळं थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ छप्पन्न झाले होते. तो दाराला टेकून खाली बसला. चार मिनिटं एका श्वासात सूर धरला म्हणायचा. आता मला विचाराल, असं होतं का? मी चष्मे विकतो, मला काय विचारता.

बाई खाली आल्या. सत्तरीच्या बाई, दोन्ही बाजूंनी दोघींनी धरलेलं. त्याच्यापुढे जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आलात. आमच्याकडे दार लावायला कुणी नव्हतं."

लंबक म्हणाला, "तो कुठे गेला?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

तो फोन. माझ्या दुकानातला. शिक्क्याच्या मुलीचा होता. तिने विचारलं, "काका निघाले का हो?" मी म्हटलं, निघाले आत्ताच. मग म्हणाली, "बाबा साडेचारला गेले." दुपारभर खिडकीत बसून होता तो. जेवला नाही, म्हणे लंबक आला की जेवू. शेवटी चार वाजून गेले तेव्हा उठला, म्हणाला, शर्ट तरी करून ठेवतो, आला की लगेच निघता येईल. इस्त्री करता करता खाली बसला. बसला तो बसलाच. शर्टाची एक बाही झाली होती.

लंबकाकडे मोबाइल नव्हता. बसमध्ये बसलेल्या माणसाला कसं गाठणार? मी दुकान बंद करून फळीवर बसून राहिलो. पलीकडे त्याची घड्याळं चालू होती सगळी.

बाईंनी ठरवलं होतं की कार्यक्रम करायचा. मुलगीच म्हणाली होती, बाबांचा शेवटचा सूर झाला पाहिजे. शेवटच्या गाण्याला लोकांना सांगितलं, दार उघडलं, सूर धरला, आणि रिकाम्या वाटेकडे बघत सगळे उभे राहिले. एक मिनिटाने हात खाली आणायचा असं बाईंनी मनाशी म्हटलं होतं. त्या लंबकाला म्हणाल्या, "हात खाली येईना. दार उघडं दिसत होतं. दार उघडं असताना कसा आणू?" अकरा मिनिटं धरला त्यांनी. मग दारात हा येऊन उभा राहिलेला दिसला. एकटा. गात असलेला.

"सूर कसा होता माझा?" त्याने विचारलं. बघा, काय विचारावं माणसाने त्या वेळी.

बाई म्हणाल्या, "कणभरही उतरला नव्हता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. मी त्याच्या दुकानात गेलो. कोट काढून त्याने बाकावर पसरला होता. डाव्या कोपरावर एक डाग. बोटाच्या टोकाएवढा. जांभळा. आतल्या रेघासुद्धा दिसत होत्या, मी भिंगाखाली पाहिल्या. साबण लावला, लिंबू चोळलं. काच पुसायचं माझं स्पिरिट आणलं, त्याने काय वाटेल ते निघतं. नाही निघालं. तिसऱ्यांदा मी बोळा उचलला तेव्हा त्याने माझा हात धरला. म्हणाला, "राहू दे."

मग कोट त्याने खुर्चीमागच्या खुंटीला टांगला आणि पुन्हा कधी घातला नाही. बारा वर्षं तिथेच. सकाळी दुकान उघडलं की आधी कोपराकडे बघायचा, मग घड्याळं. एकदा मी न राहवून म्हटलं, "आता पुरे कर. तो गेला. मनातल्या मनात म्हण ते वाक्य आणि मोकळा हो." तो म्हणाला, "कसं म्हणू? अजून त्याचं दुसरं बोट लागलं नाही. मी धरून बसलोय." आणि रडला. साठ-पासष्ट वर्षांचा माणूस फळ्यांच्या दुकानात हुंदके देऊन रडला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. एवढा दुःखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या जानेवारीत तो आजारी पडला. छातीतच. दुकानामागच्या खोलीत झोपून असायचा. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. रात्री मी सोबतीला जायचो. कोटही त्याने आत आणवला होता, पायांकडच्या भिंतीवर, दिसेल असा.

सतरा तारीख. बुधवार. रात्री अकराला मी त्याला औषध दिलं. कोट मी पाहिला तेव्हा. नेहमीचाच, एक डाग. सवयच झाली होती बघायची. खोलीत आम्ही दोघंच, दार आतून लावलेलं.

त्याचा श्वास अडकत होता. घ्यायचा... आणि धरून ठेवायचा. सोडायचाच नाही. मग थोडासा. पुन्हा धरायचा.

दोन वाजून दहा मिनिटांनी मला डुलकी लागली. फार नाही.

जाग आली ती शांततेने. पलीकडच्या दुकानातली घड्याळं चालू होती. पण खोलीत...

त्याचे डोळे उघडे होते. डाव्या बाजूला बघत होता. मी उजवीकडे बसलो होतो. डावीकडे कुणी नव्हतं.

त्याचे ओठ हलले. मी वाकलो. तीन शब्द. मला स्पष्ट ऐकू आले.

तू खरं बोललास.

आणि मग त्याने श्वास घेतला. लांब. पोटापासून. बारा वर्षांत त्याने असा घेतलेला मी पाहिला नव्हता. आणि सोडला.

...

बस. तेवढंच.

मी त्याचे डोळे मिटले. थोडा वेळ बसलो. मग वाटलं, कोट अंगावर घालू या त्याच्या, थंडी होती. म्हणून खुंटीवरून काढला. बाही हातात आली.

नाही, घातला नाही मी तो. घरी घेऊन आलो. आहे इथेच. तुझ्या मागे दाराला टांगलाय तोच. मघाशी दार लोटलंस ना, तेव्हा तुझा खांदा लागला त्याला.

घाबरायचं काही नाही. ऊठ. दिवा जवळ घे आणि डावी बाही बघ. कोपरापाशी. लांबूनच बघ.

किती आहेत?

हो. दोन. शेजारी शेजारी.

पहिला सुकलेला आहे. दुसऱ्याला हात लावू नकोस, शाई अजून बोटाला लागते.